आई-बाबांना मुंबई दाखवताना: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

दिवाळीनंतर गावाकडून आई-वडील मुंबईत मुलांकडे राहायला येऊ लागतात आणि याच विषयाची पत्रं वाढतात. त्यांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न: आई-बाबा साताऱ्याहून पाच दिवसांसाठी आमच्याकडे ठाण्याला येणार आहेत. बाबा ७१ वर्षांचे आहेत, आई ६६ ची. आईचे गुडघे दुखतात. मी पंधरा ठिकाणांची यादी केली आहे. ती पाच दिवसांत कशी बसवावी?

पंधराची चार करा. सत्तरीतल्या माणसाला मुंबईत दमवतात ते रेल्वेचे जिने, सावली नसलेले रस्ते आणि दमट हवा. संग्रहालयात दोन तास फिरून कुणी एवढं दमत नाही. म्हणून दिवसाआड बाहेर पडा. एका दिवसाला एकच मोठं ठिकाण ठेवा आणि त्याच्या जवळचं एखादं लहानसं जोडा.

आधी बंदचे वार पाहा. सोमवारी घारापुरीची लेणी बंद असतात आणि बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यानही, म्हणजे त्यातल्या कान्हेरी लेण्यांनाही जाता येत नाही. बुधवारी राणीची बाग बंद. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली, तर मात्र बाग उघडी ठेवून दुसऱ्या दिवशी बंद ठेवतात. फोर्टातलं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आठवडाभर उघडं असतं. सोमवार तिथे खर्च करा.

दक्षिण मुंबईचा दिवस असा आखता येईल. सकाळची गर्दी ओसरल्यावर, अकराच्या पुढे ठाण्याहून निघा. सीएसएमटीला उतरल्यावर लगेच बाहेर धावू नका. उपनगरी तिकीटघराचं दालन आईला दाखवा, तिथलं छत मान वर करून पाहण्यासारखं आहे. ही इमारत १८८७-८८ च्या सुमारास पुरी झाली, वास्तुविशारद एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स. समोरचं महापालिकेचं मुख्यालयही त्यांचंच. स्टेशनची पूर्ण दर्शनी बाजू पाहायची तर रस्त्याच्या पलीकडून पाहावी लागते. पण भुयारी मार्गाला पायऱ्या आहेत आणि आत गर्दी असते. आईला पायऱ्या नको असतील तर सिग्नलवरून रस्ता ओलांडा, मिनिटभर जास्त लागला तरी चालेल.

तिथून संग्रहालयाला काळी-पिवळी टॅक्सी करा. अंतर दीड-दोन किलोमीटरचं आहे आणि पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये पडतात. गावाहून आलेल्यांना आधीच सांगून ठेवा की सायन आणि वांद्र्याच्या दक्षिणेला रिक्षा चालत नाहीत, नाहीतर बाबा रस्त्यावर उभं राहून रिक्षाच शोधत बसतात. संग्रहालयात तळमजल्यावरची शिल्पं आधी पाहा, कारण ती निवांत पाहायची आहेत आणि तेव्हा पाय ताजे असतात. वरच्या मजल्यावर काय पाहायचं ते आईला विचारून ठरवा. आवारात झाडं आहेत, बसायला जागा आहे आणि स्वच्छतागृह आहे. गेटवेकडे निघण्याआधी तिथे जाऊन या, कारण गेटवेच्या मोकळ्या पटांगणात सावलीही नाही आणि टेकायलाही फारसं काही नाही.

गेटवे १९२४ मध्ये खुला झाला. तिथे अर्धा तास पुरे. शेजारच्या बागेतला शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा बहुतेक लोक फोटोच्या घाईत चुकवतात. साताऱ्याच्या माणसांना तो आधी दाखवा.

आता खरी अडचण संध्याकाळची. मरीन ड्राइव्हचा सूर्यास्त बघून लगेच लोकल पकडायची म्हटलं, की दिवसभराचं सगळं सुख दादरपर्यंत जाईस्तोवर संपतं. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, मे महिन्यात सातनंतर. दोन्ही वेळा घरी परतणाऱ्यांच्या ऐन गर्दीत येतात. म्हणून दोनच मार्ग. एक, सूर्यास्त सोडा आणि चारच्या आत परतीची गाडी धरा. दुसरा, सूर्यास्त बघा, फोर्टात किंवा गिरगावात सावकाश जेवा आणि नऊनंतर सीएसएमटीहून सुटणारी स्लो पकडा, म्हणजे सुरुवातीलाच बसायला मिळेल. मरीन ड्राइव्हच्या कट्ट्याला पाठ टेकायला काही नाही. कंबर दुखणाऱ्याला तिथे वीस मिनिटांवर बसवू नका. समुद्राकडे पाय सोडून बसण्याचा आग्रहही नको, उठताना वळणं जड जातं.

आणखी एक गोष्ट, जी आई तोंडाने बोलणार नाही. बाहेर स्वच्छतागृह मिळेल की नाही या धास्तीने ती सकाळपासून पाणीच पीत नाही. दुपारी डोकं दुखतं, पायात गोळे येतात आणि आपण म्हणतो, ऊन लागलं. निघायच्या आधीच तिला सांगा: स्टेशनवर एक आहे, संग्रहालयात एक आहे, जेवायला जिथे बसू तिथे आहे. बाबा रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेत असतील तर तिची वेळ प्रवासाच्या दिवशी बदलता येईल का, ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा. आपल्या मनाने गोळी चुकवू नका.

प्रश्न: बाबांना लोकलनेच फिरायचं आहे, आईला लोकलची भीती वाटते. कुठल्या डब्यात बसावं? (डोंबिवली)

वेळ बरोबर निवडली तर लोकल त्यांना आवडेल. सकाळी आठ ते अकरा मुंबईकडे जाणारी आणि संध्याकाळी पाच ते नऊ मुंबईहून येणारी गाडी टाळा. शक्य तिथे डोंबिवलीहूनच सुटणारी स्लो घ्या. ती रिकामी लागते, दारात झटापट नसते आणि प्रत्येक स्टेशनवर थांबत असल्याने बाबांना खिडकीतून स्टेशनांची नावं वाचता येतात. रविवारी गर्दी कमी असते, पण मध्य आणि हार्बरवर दुपारी मेगाब्लॉक असतो. तो कुठल्या मार्गावर आहे हे शनिवारीच पाहून ठेवा.

डब्याचं असं. आई महिलांच्या डब्यात एकटी आणि तुम्ही दोघं दुसरीकडे, ही विभागणी पहिल्या दिवशी करू नका. तिला उतरायचं कुठे, कुठल्या बाजूला, कधी उठायचं यातलं काहीच ठाऊक नसतं. गर्दी नसलेल्या वेळी तिघांनी जनरल डब्यातच बसावं. तिथे ज्येष्ठांसाठी काही जागा राखीव असतात आणि त्यावर तशी पाटी असते. कुणी बसलं असेल तर नीट सांगितल्यावर लोक उठतात. ऐपत असेल तर एसी लोकल सगळ्यांत सोयीची, कारण तिची दारं गाडी थांबल्यावरच उघडतात आणि आईची निम्मी भीती तिथेच जाते. मात्र एसीचं तिकीट वेगळं असतं. साध्या तिकिटावर चढलात तर दंड होतो. दिव्यांगांच्या डब्यात केवळ वयामुळे बसता येत नाही, बाबांना तिथे चढवू नका.

तिकिटाची एक चूक अनेकांकडून होते. ॲपवर काढलेलं पेपरलेस तिकीट ज्या फोनवर काढलं त्याच फोनवर दाखवावं लागतं. तिघांचं तिकीट तुमच्या फोनवर आणि आई महिलांच्या डब्यात, अशा वेळी तपासनीस आला तर तिच्या हाती काहीच नसतं. ती वेगळ्या डब्यात बसणार असेल तर तिचं कागदी तिकीट खिडकीवरून किंवा मशीनवरून काढून तिच्या पर्समध्ये ठेवा.

चढण्या-उतरण्याची रीत नीट सांगतो, कारण दुखापत होते ती इथे. चढताना आई पुढे, तुम्ही मागे. बरेच जण आधी स्वतः चढतात आणि वरून हात धरून ओढतात. त्यात तिचा तोल जातो आणि मागची माणसं ढकलतात. तिला दाराच्या मधल्या दांड्याला स्वतः हात घालू द्या, तुमचा हात तिच्या कोपराखाली असू द्या. पदर आणि पिशवी आधीच आवरलेली हवी. उतरताना उलट: आधी तुम्ही खाली, मग ती. काही फलाटांवर डबा आणि फलाट यांच्यात बरंच अंतर आहे, तिथे पाय टाकण्याआधी तिला खाली बघू द्या. उतरायच्या आधीच्या स्टेशनला उठून दाराजवळ या आणि फलाट कुठल्या बाजूला येतो ते शेजाऱ्याला विचारा. गाडी हलली असेल तर सोडून द्या. पुढची येईपर्यंत फलाटावरच्या बाकावर बसा.

दादरला उतरणार असाल तर फलाटांचे नवे आकडे ध्यानात ठेवा. डिसेंबर २०२३ पासून पश्चिम रेल्वेचे १ ते ७ आणि मध्यचे ८ ते १४ असे सलग क्रमांक आहेत. बाबा पूर्वी दादरला उतरत असतील तर त्यांच्या डोक्यात जुनेच आकडे असणार. फोनवर ‘एक नंबरला थांबतो’ म्हणाले, तर पश्चिमचा की मध्यचा हे विचारून घ्या.

प्रश्न: घारापुरीला आईला नेता येईल का? तिला लेणी पाहायची फार इच्छा आहे, पण जिना चढताना गुडघा धरतो.

येईल, पण पायऱ्यांची कल्पना आधी द्या. गेटवेहून लाँचला साधारण तासभर लागतो. सकाळी नऊच्या सुमाराची लाँच घ्या, उन्हाच्या आत वर पोचता येतं. कठीण जागा लाँचमध्ये चढण्याची. ओहोटीला गेटवेच्या पायऱ्या ओल्या आणि निसरड्या असतात, आणि कधीकधी एका लाँचमधून दुसरीत पाय टाकून जावं लागतं. चपलेपेक्षा मागे पट्टा असलेली सँडल बरी. वरच्या डेकवर जाणारी शिडी उभी असते, आईला खालीच बसवा. मागच्या बाजूला हेलकावे कमी लागतात. लाइफ जॅकेट घालायला लाजू देऊ नका.

बेटावर धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी चालते, ती जरूर घ्या. मग सुमारे १२० पायऱ्या. दोन्ही बाजूंना दुकानं आहेत, वर बऱ्याच ठिकाणी ताडपत्रीची सावली आहे आणि मध्ये थांबता येतं. नाहीच जमलं तर डोली मिळते. दर खाली असतानाच ठरवा, जाऊन-येऊन असा. वर पोचल्यावर पहिलं, मोठं लेणं सपाट जागेवर आहे आणि जे पाहायला गेलात ते सगळं तिथेच आहे. जवळजवळ वीस फूट उंचीची ती त्रिमुखी शिवमूर्ती लेण्याच्या मागच्या भिंतीत आहे. बाहेरच्या उजेडातून आत आल्यावर दोन मिनिटं डोळे सरावू द्या, मग चेहरे दिसू लागतात. बाकीची लेणी आईसाठी सोडली तरी काही बिघडत नाही. खाऊची पिशवी आणि पाण्याची बाटली हातात उघडी धरू नका, माकडं ओढतात.

गुडघा फारच धरत असेल तर कान्हेरीचा विचार करा. उद्यानाच्या मुख्य दारापासून लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत, पण तिथवर गाडी जाते. तिकीटघराजवळच तिसऱ्या क्रमांकाचं चैत्यगृह आहे. थोड्याच पायऱ्या चढून ते पाहता येतं, पुढचा डोंगर चढायची गरज पडत नाही.

प्रश्न: सिद्धिविनायकाला मंगळवारीच न्यायचं असा आईचा हट्ट आहे.

मंगळवारीच न्या, पण पहाटे. त्या दिवशी देऊळ पहाटे सव्वातीनलाच उघडतं आणि सकाळ वर येईल तशी रांग लांबते. अंगारकीला मात्र तिला समजावा. ज्येष्ठांसाठी वेगळी सोय असते, दारावरच्या सेवकांना विचारल्याशिवाय सामान्य रांगेत उभे राहू नका. दुपारी बाराच्या पुढे नैवेद्यासाठी दर्शन थोडा वेळ थांबतं, त्या वेळी रांगेत अडकू नका. अंगभर कपडे हवेत. मेट्रो ३ चं सिद्धिविनायक स्थानक जवळ आहे आणि ऑक्टोबर २०२५ पासून ही मेट्रो आरे ते कफ परेड पूर्ण सुरू आहे. फोर्टातून यायचं असेल तर ती उत्तम. भूमिगत स्थानकांत मोबाइलचं नेटवर्क जाऊ शकतं, तेव्हा तिकीट वर रस्त्यावर असतानाच काढा किंवा सुटे पैसे जवळ ठेवा. स्थानकं खोल आहेत, पण लिफ्ट आहेत. सरकत्या जिन्याची सवय नसलेल्या माणसाला तिथे ती सवय लावायला जाऊ नका, थेट लिफ्टकडे न्या.

प्रश्न: आम्ही दोघंही नोकरी करतो. आई-बाबा दिवसभर फ्लॅटमध्ये कोंडल्यासारखे होतात आणि तिसऱ्या दिवशी ‘तिकीट काढ’ म्हणतात. काय करावं?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त पत्रांत आहे, आणि प्रेक्षणीय स्थळांपेक्षा महत्त्वाचाही आहे. गावाकडे दार उघडं असतं आणि चार माणसं सहज डोकावतात. इथे दाराला लॅच, बाहेर कॅमेरा आणि शेजारी कोण ते माहीत नाही. पहिला दिवस कुठेही नेऊ नका. त्या दिवशी त्यांना घर आणि आवार शिकवा.

सुरुवात लॅचपासून. कचरा ठेवायला आई बाहेर येते, वाऱ्याने दार लागतं, किल्ली आत आणि बाबा आंघोळीला. हे सर्रास घडतं. एक जादा किल्ली दाराबाहेर पडताना हाताला लागेल अशी खुंटीवर लावा आणि एक शेजारी द्या. लॅच आतून अडकवून ठेवायची कळ दोघांना स्वतः चार वेळा करायला लावा. मग पाइप गॅसचा मुख्य कॉक, गीझर, लिफ्टमधली घंटा, टीव्हीचे दोन रिमोट. सोसायटीचं फाटक ॲपवर चालत असेल तर पाहुण्याची विचारणा तुमच्या फोनवर येते आणि तुम्ही मीटिंगमध्ये असता. दूधवाला, भाजीवाला खालीच ताटकळतो आणि आईला वाटतं, इथे कुणी येतच नाही. त्यांचा नंबर ॲपमध्ये जोडा किंवा रखवालदाराला इंटरकॉमवर विचारायला सांगा.

एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत मराठीत लिहा: इमारतीचं नाव, विंग, मजला, फ्लॅट क्रमांक, जवळची खूण, तुमचे दोन फोन, त्यांची औषधं. बाबांच्या खिशात एक आणि आईच्या पर्समध्ये एक ठेवा. टॉवरच्या सगळ्या विंग सारख्या दिसतात. ‘बी’ऐवजी ‘डी’मध्ये चढून अकराव्या मजल्यावर परक्याच्या दाराला किल्ली लावणारे वडील हुशारच असतात, चूक इमारतीची असते. दाराला गावच्यासारखं तोरण लावा, लांबून ओळखू येतं.

दुसऱ्या दिवशी तुमच्याबरोबर भाजीला न्या आणि तिसऱ्या दिवशी त्यांनाच पाठवा. भाजीवाल्याशी दोन वेळा घासाघीस झाली की आईला गाव सापडतं. संध्याकाळी जवळच्या बागेत ज्येष्ठांचा कट्टा कुठे बसतो ते आधी पाहून ठेवा आणि पहिल्या दिवशी स्वतः जाऊन ओळख करून द्या. बाबांना एक रोजचं काम द्या, मग ते नातवाला बसपर्यंत सोडण्याचं असो की दूध आणण्याचं. पाहुण्यासारखं बसवून ठेवलं की माणूस पाहुण्यासारखाच परत जायला निघतो.

एक संध्याकाळ मराठी नाटकाला द्या. दादरचं शिवाजी मंदिर, माटुंग्याचं यशवंत, पार्ल्याचं दीनानाथ, ठाण्याचं गडकरी, बोरिवलीचं प्रबोधनकार, जे जवळ पडेल ते. तिकीट खालच्या मजल्यावरचं, कडेच्या खुर्चीचं घ्या. मध्यंतराची घंटा होण्याआधी दोन मिनिटं उठलं तर स्वच्छतागृहाची रांग चुकते. दादरला गेलात तर आधी प्रकाशचं पियूष आणि साबुदाणा वडा, किंवा आस्वादची मिसळ. गावाकडच्या माणसांना मुंबईची मराठी चव कळायला हॉटेलांची लांब यादी लागत नाही.

प्रश्न: एसटीने येताना सवलत कशी मिळते? कुठे उतरवावं?

७५ पूर्ण झालेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे (ऑगस्ट २०२२ पासून), ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट, आणि महिलांना मार्च २०२३ पासून वयाची अट न ठेवता अर्धं. वयाच्या पुराव्यासाठी आधार कार्ड वरच्या खिशात हवं, बॅगेच्या तळाशी नको. ही सवलत बेस्टच्या बसला लागू होत नाही. पुण्याकडून येणाऱ्या अनेक गाड्या वाशी, चेंबूरचा मैत्री पार्क, सायन अशा ठिकाणी थांबतात. शेवटच्या डेपोपर्यंत बसून राहण्यापेक्षा तुमच्या घराला जवळच्या थांब्यावर उतरणं बरं. पण हमरस्त्यावरच्या थांब्यावर त्यांना सामानासह एकटं उतरू देऊ नका, तुम्ही आधीच तिथे उभे राहा.

प्रश्न: पावसाळ्यात बोलवावं का?

राहायला बोलवा, फिरायला नको. घारापुरीच्या लाँच खराब हवामानात बंद राहतात. हाजी अलीची वाट भरतीला पाण्याखाली जाते. जोराचा पाऊस आणि साडेचार मीटरच्या वरची भरती एकाच वेळी आली की हिंदमाता, सायन, अंधेरी सबवे तुंबतात आणि लोकल थांबते. भरतीच्या वेळा रोजच्या वर्तमानपत्रात असतात, त्या पाहून दिवस ठरवा.

प्रश्न: अटल सेतू आणि कोस्टल रोड दाखवायचे आहेत. (मुलुंड)

गाडी असेल तर दोन्ही एका रविवारी सकाळी होतात. अटल सेतू २१.८ किलोमीटरचा आहे आणि जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. त्यावर मध्येच थांबायला मनाई आहे, आणि दुचाकी, रिक्षांना तर प्रवेशच नाही. बाबांना समुद्र नीट पाहायचा असेल तर मागे न बसवता पुढे, डावीकडच्या खिडकीशी बसवा. टोल भरावा लागतो, जाऊन-येऊन एकत्र घेतला तर स्वस्त पडतो. कोस्टल रोडला टोल नाही. त्यातले दोन किलोमीटरचे बोगदे मलबार हिलखालून जातात हे आत शिरण्याआधी सांगा, म्हणजे वर काय आहे याचा त्यांना अंदाज येतो. बाहेर पडून वर गेलात तर म्हातारीचा बूट आहेच. शेजारच्या झाडीतून जाणारी ४८५ मीटरची लाकडी पायवाटही आहे, मार्च २०२५ पासून सुरू झालेली. तिचं तिकीट भारतीयांना २५ रुपये. वेळ ऑनलाइन ठरवून यावं लागतं, ऐनवेळी गेलात तर बहुतेक परत फिरावं लागेल.